सुट्टीतल्या घरासाठी गुगल कॅलेंडर: कुठे तारतं, कुठे दगा देतं

मुलांची सुट्टी लांबलचक आणि आईबाबांची रजा मोजकी, हे गणित कुठल्याच घरात सुटत नाही. मधल्या दिवसांत ऑफिस चालू, मुलं घरी, पाहुणे येणार, एखादा प्रवास ठरलेला, आणि या गर्दीत स्वतःसाठी दोन तास हवेत. बहुतेक घरांत हा सगळा हिशेब एकाच माणसाच्या डोक्यात असतो. इतरांना तो दिसत नाही, म्हणून ते खुशाल त्याच्यावरच दुसरं काही ठरवून मोकळे होतात. हा हिशेब डोक्यातून काढून सर्वांसमोर मांडायला फुकटात मिळणारं आणि बहुतेकांच्या फोनवर आधीपासून असलेलं साधन म्हणजे गुगल कॅलेंडर. ऑफिसच्या मीटिंगांसाठी ते कसं आहे, हा इथला विषय नाही. सुट्टीचे काही आठवडे, नोकरी करणारे पालक आणि त्यांचा स्वतःचा वेळ, एवढ्यापुरतंच हे परीक्षण.

निकाल आधीच सांगतो. कोण कधी कुठे आहे हे दाखवण्यात ते उत्तम आहे. कुठलं काम कोणाकडे हे ठरवायला चांगलं आहे, पण त्यासाठी पाहुण्यांची सोय, म्हणजे 'गेस्ट', नीट वापरावी लागते. कामांच्या याद्यांच्या बाबतीत कच्चं आहे. स्वतःचा वेळ वाचवणं मात्र त्याच्या मूळ मांडणीत बसत नाही. ते जमवून आणावं लागतं, आणि थोडी मेहनत घेतली तर जमतं.

तयार 'फॅमिली' कॅलेंडर घ्यावं का?

गुगलवर कुटुंबाचा गट केला की 'फॅमिली' नावाचं एक कॅलेंडर आपोआप तयार होतं आणि गटातल्या सगळ्यांच्या यादीत येऊन बसतं. काहीच जुळवाजुळव लागत नाही, म्हणून मोह होतो. पण सुट्टीच्या कामाला ते तोकडं पडतं. गटात चालवणाऱ्यासकट जास्तीत जास्त 6 जण मावतात. एक खातं एका वेळी एकाच कुटुंबगटात राहू शकतं, आणि गट बदलायचा तर 12 महिन्यांतून एकदाच. सगळे एकाच देशातले असावे लागतात. शिवाय ऑफिसच्या खात्यावरून गट उभा करता येत नाही. आजी-आजोबा, मावशी, मुलांना सांभाळायला येणारी व्यक्ती या सगळ्यांना त्यात घ्यायचं म्हटलं की अडचण सुरू होते.

याहून मोठी गोम वेगळीच आहे. त्या कॅलेंडरमध्ये गटातल्या प्रत्येकाला नोंद घालायचा, बदलायचा आणि पुसायचा हक्क असतो. फोनवर नोंद बोटाने ओढली की सरकते. मुलांच्या हातून ती कधी सरकली, ते संध्याकाळी वर्गाच्या दारात उभं राहिल्यावर कळतं.

त्यापेक्षा संगणकावर ब्राउझरमध्ये कॅलेंडर उघडा, 'अदर कॅलेंडर्स'शेजारच्या अधिकच्या चिन्हावर टिचकी मारा आणि 'क्रिएट न्यू कॅलेंडर' निवडून 'सुट्टी' नावाचं वेगळं कॅलेंडर करा. मग त्याच्या सेटिंग्जमध्ये ठरावीक लोकांशी वाटून घेण्याची सोय आहे, तिथे हक्काच्या 4 पायऱ्या मिळतात: फक्त मोकळे की व्यस्त एवढंच दिसणं, सगळा तपशील दिसणं, नोंदी बदलता येणं, आणि नोंदी बदलण्यासोबत आणखी लोक जोडता येणं. जोडीदाराला शेवटची पायरी द्या. तुम्ही मीटिंगमध्ये अडकलेले असाल तेव्हा काकूला कॅलेंडर दाखवायचं काम कोणीतरी करायला हवं. मोठ्या मुलांना आणि घरातल्या बाकी सर्वांना दुसरी पायरी पुरते. त्यांना बघायचं आहे, बदलायचं नाही.

गाडं अडतं ते याच्या पुढच्या टप्प्यावर. ज्याच्याशी कॅलेंडर वाटलं त्याला एक ईमेल जातो, आणि त्यातल्या दुव्यावर टिचकी मारल्याशिवाय ते त्याच्या यादीत येत नाही. हा ईमेल जाहिरातींच्या ढिगात हरवतो आणि आठवड्याने 'मला तर काहीच दिसत नाही' असं ऐकू येतं. आयफोनवर ॲपलचं स्वतःचं कॅलेंडर ॲप वापरणाऱ्यांची आणखी एक गंमत असते: इतरांनी वाटलेली गुगल कॅलेंडरं तिथे आपोआप उतरत नाहीत. त्यासाठी गुगलच्या 'सिंक सिलेक्ट' या पानावर जाऊन त्या कॅलेंडरपुढे खूण करावी लागते. गुगलचं स्वतःचं ॲप घेतलं तर हा व्याप टळतो. सुट्टी लागायच्या निदान दोन आठवडे आधी हे सगळ्यांच्या फोनवर उतरलंय का, ते प्रत्यक्ष फोन हातात घेऊन बघा. तोंडी 'हो, आलंय' यावर जाऊ नका.

एक वर्ग, दोन नोंदी

मुलीचा पोहण्याचा वर्ग 10 ते 11 आहे, म्हणून 10 ते 11 अशी नोंद केली की ती चुकीची ठरते. वर्ग मुलीचा. पालकाचा वेळ जातो तो साधारण 9.30 ते 10.10 आणि पुन्हा 10.50 ते 11.30. मधल्या 40 मिनिटांत ऑफिसचा फोन घेता येतो, पण समोरासमोरची बैठक घेता येत नाही. ॲपलच्या कॅलेंडरमध्ये प्रवासाचा वेळ नोंदीतच जोडायची सोय आहे, गुगलमध्ये ती नाही, आणि पालकांच्या दृष्टीने ही उणीव खटकणारी आहे. उपाय साधा: 'सोडणं' आणि 'आणणं' या दोन स्वतंत्र नोंदी करा. वर्गाची नोंद मुलीच्या माहितीपुरती ठेवा.

प्रत्येक नोंदीत ज्याने ते काम करायचं त्याला गेस्ट म्हणून घाला. वाटलेल्या कॅलेंडरवर नुसती नोंद दिसते आणि 'कोणीतरी करेल' असं वाटून कोणीच करत नाही. गेस्ट म्हणून बोलावलं की ती त्या व्यक्तीच्या स्वतःच्या कॅलेंडरवर चढते, होकार-नकार विचारला जातो, आणि न पटल्यास दुसरी वेळही सुचवता येते. गेस्टकडे गुगलचं खातं नसलं तरी चालतं, ईमेलवर निमंत्रण जातं आणि उत्तर तिथूनच देता येतं. आजोबांना कॅलेंडर शिकवण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

आता सगळ्यात जास्त घोटाळा करणारी गोष्ट. वाटलेल्या कॅलेंडरवर तुम्ही लावलेली आठवण तुमच्याच फोनवर वाजते, दुसऱ्याच्या नाही. 'मी रिमाइंडर लावला होता ना!' या वाक्यावरून घरोघरी जे वाजतं त्याचं मूळ इथे आहे. प्रत्येकाने आपापल्या सेटिंग्जमध्ये 'सुट्टी' कॅलेंडर उघडून आठवणी एकदा ठरवून घ्याव्या लागतात. वेळ असलेल्या नोंदी आणि दिवसभराच्या नोंदी यांच्या आठवणी वेगवेगळ्या ठरतात, दोन्ही बघा. वेळेच्या नोंदींना 30 मिनिटं आधी आणि दिवसभराच्या नोंदींना आदल्या रात्री 8 वाजता, एवढं पुष्कळ झालं. त्याहून जास्त लावल्या तर माणूस न वाचताच बोटाने उडवायला लागतो.

तिथेच 'डेली अजेंडा' नावाची सोय आहे. ती चालू केली की रोज पहाटे 5 वाजता त्या दिवसाची यादी ईमेलवर येते. ॲप उघडायचा कंटाळा करणाऱ्या जोडीदारासाठी ही सोय सोन्यासारखी आहे.

स्वतःचे दोन तास

या परीक्षणाचं खरं कारण हेच. सुट्टीत पालकाचा स्वतःचा वेळ सगळ्यात आधी जातो, कारण त्याच्या बाजूने बोलायला कोणी नसतं. पाहुणे आले तर पाहुणे समोर दिसतात, वर्ग चुकला तर मूल रडतं. तुमचं धावणं किंवा वाचन बुडालं तर घरात कोणाच्या लक्षातही येत नाही.

कॅलेंडरमध्ये 'माझा वेळ' अशी नोंद घालून काही होत नाही, आणि इथेच बहुतेक जण निराश होऊन नाद सोडतात. त्यामागे तीन कारणं असतात.

पहिलं, ती नोंद चुकीच्या ठिकाणी असते. 'सुट्टी' कॅलेंडरमध्ये टाकलेला स्वतःचा वेळ ज्याला नोंदी बदलायचा हक्क आहे तो कोणीही सरकवू शकतो, आणि सद्भावनेनेच सरकवतो. 'खाजगी' अशी खूण करून काही साधत नाही. नोंदी बदलायचा हक्क असलेल्यांना खाजगी नोंदही दिसतेच. म्हणून हा वेळ स्वतःच्या मूळ कॅलेंडरवर घाला आणि ते कॅलेंडर जोडीदाराशी दुसऱ्या पायरीने वाटा: दिसेल सगळं, बदलणार काही नाही. नुसतं 'व्यस्त' दाखवण्यापेक्षा हे बरं. तिथे दातांच्या डॉक्टरची वेळ आहे की मैत्रिणीबरोबरची भेट, हे दिसलं तर कुठली गोष्ट हलवायला सांगता येईल हे जोडीदाराला कळतं. मुलांना आणि नातेवाइकांना पहिली पायरी, म्हणजे फक्त व्यस्त की मोकळे, एवढं पुरे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. तुम्ही व्यस्त आहात याचा अर्थ मुलांकडे दुसरं कोणी आहे असा होत नाही. स्वतःच्या वेळेची नोंद ही मुळात जोडनोंद आहे. अर्धी तुमच्या कॅलेंडरवर: 'चालायला, 7 ते 8.30'. उरलेली अर्धी 'सुट्टी' कॅलेंडरवर: 'मुलं बाबांकडे, 6.45 ते 8.45', आणि बाबा त्यात गेस्ट. दुसरी नोंद नसेल तर पहिली टिकत नाही, कारण ऐनवेळी कोणीतरी 'मग मुलांना कोण बघणार?' असं विचारतं आणि उत्तर आधी ठरलेलं नसतं. दोन्ही बाजूंची 15 मिनिटं मुद्दाम आहेत. चपला शोधणं, कोणाला काय हवं ते सांगणं, परत आल्यावर दारातच अंगावर येणाऱ्या तक्रारी, हे सगळं त्यात बसतं. ती 15 मिनिटं धरली नाहीत तर ती तुमच्याच दीड तासातून कापली जातात. एकट्याने मूल वाढवणाऱ्यांसाठी दुसऱ्या अर्ध्यातलं नाव फक्त बदलतं: आजी, शेजारी, सांभाळायला येणारी ताई. पद्धत तीच.

तिसरं कारण वेळेच्या निवडीचं. दिवसभराचा उशीर साचत साचत संध्याकाळवर येतो. सकाळची भेट लांबली की जेवण लांबतं, जेवण लांबलं की दुपारचं बाहेर जाणं, आणि रात्री 8 वाजता ठरवलेला तुमचा तास हा सगळा उशीर एकटा सोसतो. म्हणून सकाळचा वेळ जास्त टिकतो. ज्यांना सकाळ जमत नाही त्यांनी निदान अशा कामाच्या मागे आपला वेळ लावावा जे स्वतःहून लांबत नाही, जसं की मुलाचा ठरलेल्या वेळी सुटणारा वर्ग. 'पाहुणे गेल्यावर' ही वेळ नव्हे.

नोंद पुन्हा पुन्हा येणारी करा, पण तिला शेवटची तारीख द्या. 'कस्टम' पर्यायात आठवड्यातले वार निवडता येतात आणि 'एंड्स'मध्ये सुट्टी संपण्याची तारीख घालता येते. तुमचे मंगळवार-शनिवार, जोडीदाराचे बुधवार-रविवार, असं आलटून पालटून ठेवलं तर मागणी आणि परतफेड दोन्ही समोर दिसतात, वेगळा हिशेब मांडावा लागत नाही. एखादा वार बुडणार असेल तर नोंद पुसू नका, ओढून दुसऱ्या दिवशी न्या. सरकवताना ॲप विचारतं: हीच नोंद, ही आणि पुढच्या सगळ्या, की सर्वच? 'हीच' निवडा. घाईत 'सर्वच' दाबलं गेलं तर सगळे आठवडे हलतात. पुसलेली नोंद कचरापेटीत सुमारे 30 दिवस राहते आणि तिथून परत आणता येते, पण सरकवलेल्या नोंदींना ही सोय नाही. त्या हातानेच जागेवर आणाव्या लागतात.

ऑफिसच्या बाजूचे खाचखळगे

रजेची नोंद दिवसभराची म्हणून घातली की तिची स्थिती मूळात 'फ्री' अशी असते. म्हणजे तुम्ही रजेवर आहात असं कॅलेंडरवर लिहिलेलं असतं, आणि मीटिंग ठरवणाऱ्या सहकाऱ्याला तुम्ही मोकळे दिसता. नोंद उघडून 'बिझी' करा. ऑफिसचं खातं असेल तर 'आउट ऑफ ऑफिस' हा वेगळा प्रकार त्याहून चांगला. त्या काळात येणारी निमंत्रणं तो आपोआप नाकारतो, आणि आधी स्वीकारलेल्या मीटिंगाही नाकारायच्या की फक्त नव्या, हे निवडता येतं. घरून काम आणि मुलं घरी असे दिवस असतील तर 'फोकस टाइम', म्हणजे एकाग्रतेने काम करायला राखून ठेवलेल्या वेळेची नोंद, उपयोगी पडतो. तोही ऑफिसच्या खात्यांपुरताच.

ऑफिसचं कॅलेंडर घरच्यांना दाखवणं बरेचदा जमत नाही. बाहेरच्यांना फक्त व्यस्त-मोकळे दिसेल असं बंधन कंपनीचा प्रशासक घालू शकतो, आणि अनेक ठिकाणी ते घातलेलं असतं. त्याच्याशी झगडत बसू नका. उलटं करा: 'सुट्टी' कॅलेंडर तुमच्या ऑफिसच्या खात्याशी वाटून घ्या, म्हणजे कामाच्या पडद्यावर दोन्ही एकावर एक दिसतील. मात्र सहकाऱ्यांना ते दिसणार नाही, त्यामुळे सोडणं-आणणं ऑफिसच्या कॅलेंडरवरही 'बिझी' म्हणून घालावं लागतं. हे दुहेरी काम आहे आणि ते कंटाळवाणं आहे.

शाळा किंवा शिबिरं आपल्या तारखांची फाइल किंवा दुवा देतात. फाइल 'इम्पोर्ट' केली तर ती त्या दिवसाची नक्कल असते, पुढे शाळेने तारीख बदलली तरी तुमच्याकडे जुनीच राहते. दुवा 'फ्रॉम यूआरएल' या पर्यायाने जोडला तर बदल येत राहतात, पण लगेच नाही, त्याला 12 तासही लागू शकतात. आज सकाळी रद्द झालेला वर्ग त्यात दिसेल या भरवशावर राहू नका. दोन्ही कामं संगणकावरूनच होतात.

प्रवासाची तिकिटं आणि हॉटेलची बुकिंगं जीमेलमधून आपोआप कॅलेंडरवर येतात. छान वाटतं, पण या नोंदी मूळात फक्त तुम्हालाच दिसतात, कॅलेंडर वाटलेलं असलं तरी. जोडीदाराला विमानाची वेळ ठाऊक आहे असं गृहीत धरू नका. 'इव्हेंट्स फ्रॉम जीमेल'ची दृश्यता बदला किंवा ती नोंद 'सुट्टी' कॅलेंडरवर हाताने घाला.

जे या साधनाकडून होत नाही

कामांची यादी. कॅलेंडरमधल्या 'टास्क्स' तुमच्या एकट्याच्या असतात, घरच्यांशी वाटता येत नाहीत. 'बॅगा भरणं', 'भेटवस्तू आणणं' अशी कामं तिथे घातली की ती पुन्हा एकाच डोक्यात जाऊन बसतात आणि सुरुवातीला जिथे होतो तिथेच येतो. सामायिक यादीसाठी गुगल कीप हे टिपणांचं ॲप वापरा, तिथे दोघांना एकाच यादीवर खुणा करता येतात. आणि मुलांच्या भेटवस्तूंचं काही 'सुट्टी' कॅलेंडरवर लिहू नका. मुलं ते आपल्याआधी वाचतात.

लहान मुलांसाठी आणि फोन न वापरणाऱ्या ज्येष्ठांसाठी हे कॅलेंडर निरुपयोगी आहे, असं मात्र नाही. ब्राउझरमधून आठवड्याचं पान छापता येतं. छापण्यापूर्वी डावीकडच्या यादीत फक्त 'सुट्टी'वर खूण ठेवा, नाहीतर ऑफिसच्या मीटिंगाही फ्रिजवर लागतील. पान आडवं ठेवा, अक्षर मोठं करा, दर रविवारी नवं लावा. छापलेलं पान आणि फोन यांत फरक पडला तर फोन खरा, हे घरात आधीच ठरवून टाका.

मुलं मोठी आणि आपापली ये-जा करणारी असतील, किंवा दोन्ही पालकांची रजा एकत्र असेल, तर एवढा खटाटोप नको. भिंतीवरचं कागदी कॅलेंडर आणि पेन पुरेसं आहे. दोघांच्या रजा आलटून पालटून असतील, मदतीला तिसरी-चौथी व्यक्ती येणार असेल आणि आठवड्याला दहा-बारा ये-जा असतील, तिथे गुगल कॅलेंडर आपली जागा कमावतं. 5 पैकी साडेतीन. अर्धा गुण प्रवासाच्या वेळेचा गेला, एक दुसऱ्याच्या फोनवर न वाजणाऱ्या आठवणींचा आणि एकट्यापुरत्या टास्क्सचा.

सुट्टी संपली की 'सुट्टी' कॅलेंडरवरची खूण काढा, म्हणजे ते नजरेआड होईल. 'डिलीट' करू नका, मालकाने पुसलं तर ते सगळ्यांकडून जातं. कोणाला ते नकोच असेल तर त्याने आपल्या यादीतून 'अनसबस्क्राइब' करावं, इतरांकडे ते राहतं. सांभाळायला येणाऱ्या व्यक्तीचा हक्क त्याच दिवशी काढून घ्या. पुढच्या सुट्टीला हेच कॅलेंडर पुन्हा उघडलं की कुठल्या आठवड्यात कोणाकडे किती ये-जा पडली होती ते आयतं दिसतं, आणि रजा कोणी कधी टाकायची ही चर्चा तिथून सुरू करता येते.